डोकं दुखतंय? आधी बाथरूम बघा

थंडी सुरू झाली आणि परीक्षा जवळ आल्या, की एकच तक्रार माझ्याकडे पुन्हा पुन्हा येते. मुलगा किंवा मुलगी शिकायला पुण्यात, नाशकात खोली घेऊन राहिलेली असते. सकाळी डोकं जड होतं, मळमळतं, मध्ये एकदा आंघोळ करताना चक्कर आली, अभ्यासात लक्ष लागत नाही. आई म्हणते, "जागरणं फार करतो हो, एखादं टॉनिक लिहून द्या." मुलाला वाटतं, चष्म्याचा नंबर वाढला. जागरण, उपाशीपोटी कॉलेज, वाढलेला नंबर ही कारणं असतात आणि ती तपासायलाच हवीत. पण मी आधी विचारते, डोकं आंघोळीनंतर दुखतं का? आणि खोलीवर पाणी कशावर तापवता?

"गॅस गिझर आहे."

कुठे बसवलाय?

"बाथरूममध्येच."

विद्यार्थी मित्रांनो, आज मला मुख्यतः याच गिझरबद्दल बोलायचं आहे.

आपल्या सिलिंडरमधला गॅस भरपूर हवेत जळला, की त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. हवा कमी पडली, की कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. गॅस गिझरची ज्योत मोठी असते. दार लावलेल्या चार बाय सहाच्या बाथरूममधला ऑक्सिजन ती झपाट्यानं संपवते. आणि हा कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो, ना त्याला वास येतो, ना तो डोळ्यांना झोंबतो. सिलिंडरच्या गॅसचा जो वास आपल्या ओळखीचा आहे, तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो. गॅस जळला, की तो वासही जातो. म्हणून "वास आला की बाहेर येऊ" हे मनातून काढून टाका. वास येणारच नाही.

रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं. कार्बन मोनॉक्साइड त्याला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. एसटीत रुमाल टाकून सगळ्या जागा आधीच धरलेल्या असाव्यात आणि खरा प्रवासी खाली राहावा, तसं ऑक्सिजनचं होतं. आधी डोकं दुखतं, मग मळमळ, गरगरणं, आणि मग हातापायांतली ताकद जाते. काहीतरी चुकतंय हे कळत असतं, पण उठून कडी काढण्याइतकं बळ उरत नाही. कडी आतून लावलेली, नळ चालू, बाहेरच्यांना वाटतं आंघोळ चाललीय. मित्रांनो, धडधाकट, तरुण मुलं अशी दगावतात.

आता एक नेहमीचं दृश्य सांगते. एका फ्लॅटवर चौघं, सकाळी सातचं प्रॅक्टिकल. एकामागून एक आंघोळी, गिझर बंद होतच नाही. खिडकीच्या काचपट्ट्यांतून गार वारा येतो म्हणून कोणीतरी तिथे चिकटपट्टीनं पुठ्ठा लावलेला. पहिल्याला काही होत नाही, दुसऱ्याचं डोकं दुखतं, चौथा पडतो. आणि पहिला सांगतो, "मी केली की आत्ताच आंघोळ, गिझर चांगला आहे." अरे बाबांनो, गिझर चांगला असेलही, आतली हवा वाईट झाली होती!

आणखी एक खूण लक्षात ठेवा. खोलीतल्या सगळ्यांचीच डोकी दुखतात आणि सुट्टीत गावी गेलं की बरं वाटतं, असं असेल तर कॉलेजच्या ताणाला दोष देण्याआधी बाथरूम बघा.

मग करायचं काय? सगळ्यात उत्तम म्हणजे गिझर आणि सिलिंडर दोन्ही बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत असावेत. आत फक्त पाण्याचा पाइप यावा. ते होईपर्यंत दार उघडं ठेवून बादली भरायची, गिझर बंद करायचा, हवा खेळू द्यायची आणि मग दार लावून आंघोळ करायची. गिझर चालू असताना दार बंद करायचं नाही. पुन्हा सांगते, गिझर चालू, तर दार उघडं. पुठ्ठा आजच काढा. एक्झॉस्ट पंखा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बाहेरची हवा आत यायला वाटच नसेल तर तो काय करणार? ज्योत पिवळी दिसली, काजळी धरली, तर गिझर वापरणं थांबवून दुरुस्तीवाल्याला बोलवा. पण ज्योत निळी आहे म्हणून दार लावायची मुभा मिळत नाही.

घरमालकांनो, तुम्हीही ऐका. डिपॉझिट वेळेवर मोजून घेता, तर गिझर बाहेर काढून द्यायला वेळ का लागतो? दुसऱ्याची लेकरं तुमच्या भरवशावर राहतात. हे मी रागानं बोलते आहे आणि मला तो राग लपवायचा नाही.

आतून उत्तर आलं नाही तर वाट बघू नका, दार तोडा. गिझर बंद करा, आतल्या माणसाला ओढून मोकळ्या हवेत आणा, 108 ला फोन करा. तोंडात पाणी, लिंबू-साखर काही घालू नका. डॉक्टरांना पहिलं वाक्य सांगा, "गॅस गिझर चालू होता." बोटाला लावायचं ऑक्सिमीटर इथे फसवतं, आकडा चांगला दाखवतं. शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्याच, त्याला शुद्ध ऑक्सिजन द्यावा लागतो.

बाकीचं थोडक्यात. पाणी तापवायचा रॉड असेल तर प्लग काढल्याशिवाय बादलीत बोट बुडवायचं नाही. मोबाइल उशीखाली ठेवून चार्ज करू नका. हेल्मेटचा पट्टा लावा, नुसतं डोक्यावर ठेवू नका. ओटीपी कोणालाही सांगू नका; पैसे गेलेच तर लगेच 1930 ला कळवा. मन फार खचलं, तर 14416 या टेलिमानसच्या क्रमांकावर बोला, त्यात कमीपणा नाही.

अभ्यासाचं विचारता, तर दोनच गोष्टी. शिकलेलं सुरुवातीलाच सर्वांत झपाट्यानं विसरलं जातं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये प्रयोगांनी दाखवलं. म्हणून आज वाचलेलं उद्या पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवून लिहा. त्याच ओळी पुन्हा रंगवत बसू नका. आणि झोपा. वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेत. परीक्षेच्या आदल्या रात्रीचं जागरण मार्क वाढवत नाही.

टॉनिक मात्र मी लिहून देणार नाही. त्याऐवजी आज रात्री खोलीतल्या सगळ्यांना घेऊन बाथरूमपाशी जा. गिझर कुठे आहे, हवा कुठून येते, कडी बाहेरून उघडता येते का, ते बघा. घरमालकांना उद्या सकाळीच फोन करा आणि ते टाळाटाळ करू लागले तर वडिलांना करायला लावा. शेजारच्या खोलीतल्या मुलांनी हे भाषण ऐकलं नसेल, त्यांनाही सांगा.