हाताची किंमत आणि अंगठ्याचा कागद

(शाळेच्या पटांगणात शेतकरी, मजूर व कारागीर मंडळींच्या सभेत झालेले भाषण)



आमच्यासारख्या शाळामास्तराने कारखान्याच्या कायद्यावर काय बोलावे, असे कोणी म्हणेल. पण ज्यातले एकही माणूस साखर कारखान्यात, खडीच्या मशीनवर, इमारतीच्या परांचीवर किंवा मळणीयंत्राशी राबत नाही, असे घर आपल्या गावात किती? आणि तेथून आलेला कागद वाचून घ्यायला मंडळी आमच्याकडेच येतात. म्हणून आज एकच गोष्ट सांगतो. कामावर हात-पाय गेला तर मालक जे देतो ते उपकार नव्हेत. ते त्याच्याकडचे आपले येणे आहे.

ही गोष्ट नवी नाही. सप्टेंबर १८८४ मध्ये ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. पाच हजारांवर कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यात रविवारची सुटी होती, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती, आणि आणखी एक मागणी होती. काम करताना जबर इजा होऊन कामगार घरी बसला, तर बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा. जन्माचा अधू झाला, तर त्याच्या पोटापाण्याची तजवीज व्हावी. आठवड्याची सुटी १८९० साली मिळाली. भरपाईच्या कायद्याला मात्र १९२३ साल उजाडले, व तो १ जुलै १९२४ पासून अमलात आला. अर्ज करणाऱ्यांतले कितीक तोवर मातीआड झाले असतील. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. पण गाभा तोच आहे.

तो गाभा नीट ध्यानात घ्या. अपघात झाला की मुकादम म्हणतो, “तुझेच लक्ष नव्हते.” घरची माणसे म्हणतात, “साडेसाती आहे, भोगले पाहिजे.” अहो, चरकाला ग्रह कळत नाहीत! कायदा एवढेच विचारतो की, इजा काम करताना व कामामुळे झाली काय? झाली असेल तर भरपाई द्या. मालकाची चूक शाबीत करावी लागत नाही, आणि मजुराची नजर क्षणभर चुकली एवढ्याने त्याचा हक्क बुडत नाही. दारूच्या अमलामुळे, किंवा सुरक्षेचा नियम वा यंत्राचे झाकण जाणूनबुजून झुगारल्यामुळे इजा झाली, तर मालक नाकारू शकतो. पण मृत्यू आला किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले, तर तीही सबब चालत नाही.

आता हिशेब मांडू, कारण ज्याला हिशेब येत नाही त्यालाच लोक फसवितात. समजा, गडी ३० वर्षांचा आहे व त्याचा हिशेबात धरलेला मासिक पगार १०,००० रुपये आहे. त्याचे साठ टक्के झाले ६,०००. तिसाव्या वर्षासाठी ठरविलेला आकडा २०७.९८. गुणाकार केला की १२,४७,८८० रुपये येतात. ही कायमच्या पूर्ण अपंगत्वाची भरपाई. नुसता अंगठा गेला तर तिचे तीस टक्के, म्हणजे ३,७४,३६४ रुपये. एका हाताची चारही बोटे गेली तर निम्मी. गडी दगावला, तर साठाऐवजी पन्नास टक्के धरून त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना १०,३९,९०० रुपये. इजा बरी होण्यासारखी असेल, तर दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराचा चौथा हिस्सा, म्हणजेच अर्धा पगार; तोही जास्तीत जास्त पाच वर्षे.

हा हिशेब डोळ्यांपुढे ठेवून पुढचे ऐका. एक कागद आमच्याकडे वाचायला आला होता. “राजीखुशीने दहा हजार भरून पावलो, पुढे काही तक्रार नाही,” एवढाच मजकूर, आणि खाली अंगठा. एक अंगठा यंत्रात गेला होता. राहिलेला कागदावर घेतला! बंधूंनो, भरपाईचा हक्क सोडून दिल्याचा करार कायद्याने रद्दबातल आहे. मृत्यूची भरपाई तर मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडेच भरावयाची असते. तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल सोडली, तर परस्पर विधवेच्या हातात ठेवलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत.

तर करावे काय? अपघाताची खबर मालकाला ताबडतोब लेखी द्यावी व नक्कल आपल्यापाशी ठेवावी. दवाखान्याचे कागद, हजेरी, पगाराची चिठ्ठी व पाहणाऱ्या सोबत्यांची नावे जपावीत. दावा दोन वर्षांच्या आत लावावा. कामगार आयुक्तांच्या कचेरीत चौकशी करावी. ठेकेदार पळाला म्हणून खचू नये. ज्याच्या नेहमीच्या धंद्याचे काम ठेकेदाराने अंगावर घेतले होते, तो मूळ मालकही जबाबदार असतो. राज्य विम्याचे कार्ड असेल, तर हीच मदत त्या विमा कचेरीकडून मागावयाची असते.

आता थोडे कडू बोलतो. कायद्याच्या यादीत ट्रॅक्टरने व यंत्राने चालणारी शेतीही आहे. सुगीत मळणीयंत्र लावणारा आपल्यातलाच असतो, आणि पेंढ्या टाकणारी रोजंदारीण शेजारच्या आळीतली असते. त्या दिवशी मालक आपण असतो. यंत्राच्या पट्ट्यावर जाळी आहे काय? विमा उतरविला आहे काय? कारखानदाराला जाब विचारणाऱ्याने आपल्या रानात जखमी झालेल्या बाईला जखमेत हळद भरून घरी पाठवावे, हे न्यायाचे नव्हे.

शेवटी एवढेच. लोखंडे यांनी बरा होईपर्यंत पूर्ण पगार मागितला होता. एकशेचाळीस वर्षे उलटली, तरी कायदा अजून अर्ध्यावरच आहे. राहिलेला अर्धा मागावयाचा तर मिळालेला अर्धा आधी पदरात पाडून घेतला पाहिजे. शाळेचे दार उघडे आहे. कोणाचाही कागद असो, तो सबंध वाचून घेतल्याशिवाय त्यावर अंगठा देऊ नका.