डॉक्टरची चिठ्ठी आणि मतदार चिठ्ठी

(संस्थेच्या वार्षिक सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही डॉक्टर नाही, कोणत्या पक्षाचे कार्यकर्तेही नाही. तरी औषधांच्या किमतीवर बोलायला उभे राहिलो, त्याला कारण आमची स्वतःची एक चूक आहे.

2024 चा एप्रिल आठवा. अकोला लोकसभेचे मतदान 26 तारखेला होते आणि आपल्या बाळापुरात प्रचाराच्या गाड्या फिरत होत्या. अशात मोबाईलवर मजकूर आला, की 1 एप्रिलपासून औषधे बारा टक्क्यांनी महागली. आम्ही तो चार लोकांत मोठ्याने वाचून दाखवला, वर सरकारला दोन शब्द सुनावले. शेजारच्या आजींनी ते ऐकले आणि रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेणे सुरू केले. पंधरा दिवसांनी त्यांना घेरी आली, तेव्हा आम्हाला हे कळले. आणि त्या वर्षी मंजूर झालेली वाढ होती किती? 0.00551 टक्के. शंभर रुपयांमागे अर्धा पैसा! बारा टक्क्यांची वाढ आदल्या वर्षीची, 2023 ची होती. 2022 साली ती जवळपास पावणेअकरा टक्के होती. त्या दोन्ही वर्षी आम्ही तोंड उघडले नव्हते. निवडणूक नव्हती ना.

हे आकडे येतात कुठून, ते विद्यार्थ्यांनी तरी समजून घ्यावे. 2013 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणे अत्यावश्यक यादीतील औषधांची कमाल किंमत राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरण ठरवते. घाऊक किमतींच्या निर्देशांकाप्रमाणे ती दर एप्रिलला हलते. पूर्वी, 1995 च्या आदेशात, उत्पादनाचा खर्च धरून हिशेब होई. आता बाजारात एक टक्का वा अधिक वाटा असलेल्या सर्व कंपन्यांच्या भावांची सरासरी काढतात आणि तीवर दुकानदाराचे 16 टक्के चढवतात. म्हणजे भाव आधीच चढलेले असतील तर सरासरीही चढलेलीच निघणार. यादीबाहेरच्या औषधाला तर कमाल किंमतच नाही; वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका, एवढेच बंधन. मधुमेहाचे घ्या. मेटफॉर्मिन यादीत आहे, ग्लिमेपिराइडही आहे. पण दोन्ही एकाच गोळीत घातली की ती गोळी यादीबाहेर जाते. आपल्या किती घरांत नेमकी तीच गोळी आहे, हे मेडिकलवाल्याला विचारा.

फेब्रुवारी 2017 मध्ये हृदयाच्या स्टेंटची किंमत बांधली गेली. औषधी स्टेंट 29,600 रुपयांवर आला आणि 2019 च्या प्रचारात ते भाषणाभाषणांतून सांगितले गेले. काम चांगलेच झाले, नाकारण्याचे कारण नाही. पण स्टेंट एखाद्याला कधीतरी लागतो, रक्तदाबाची गोळी रोज लागते. तिच्यावर सभा होत नाही.

राजस्थानात 2 ऑक्टोबर 2011 पासून सरकारी दवाखान्यांत मोफत औषध योजना सुरू झाली. ती आणणारा पक्ष 2013 च्या निवडणुकीत 200 पैकी 21 जागांवर आला. औषधाने मते मिळत नाहीत, असे पुढारी यावरून म्हणतील. पण नव्या सरकारलाही ती योजना बंद करता आली नाही. लोकांना खिडकीवर गोळ्या घेण्याची सवय झाली होती.

आपल्या राज्यातही 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. तरी एका शासकीय दवाखान्यातून आमच्याच घरातील माणूस बाहेरची चिठ्ठी घेऊन परतला. केसपेपर फुकट, गोळ्या साडेचारशेच्या. नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचे एक प्रचारक मतदार चिठ्ठ्या वाटत आमच्या दारी आले, तेव्हा आम्ही विचारले, की दवाखान्याच्या खिडकीवर रोजच्या गोळ्या का नसतात? ते म्हणाले, "कोणती गोळी, ते सांगा." आम्हाला नाव सांगता आले नाही! ते पत्रक देऊन पुढच्या घरी गेले.

म्हणून आज आम्ही एक वही आणली आहे. ज्यांच्या घरी रोजचे औषध चालू आहे, त्यांनी जेवणानंतर रिकामी पाकिटे घेऊन मागच्या खोलीत यावे. नाव, किंमत आणि दवाखान्यात मिळाले की बाहेरून घेतले, एवढेच लिहायचे आहे. अक्षर चांगले असलेले दोन विद्यार्थी हवे आहेत. पहिले पाकीट आजींचे आहे.