उंटाची अवेळी खेळी

श्रोतेहो, बुद्धिबळात चांगली खेळी सुचणे कठीण आहे, हे आपण सारेच जाणतो. परंतु एखादी खेळी वाईट का, हे सांगणे त्याहूनही कठीण आहे, हा धडा मला सोलापुरात, माझ्याच घरी, माझ्या भाच्याने दिला.

वैशाखातली दुपार होती. आमच्या गावी त्या वेळी रस्त्यावर पाऊल टाकवत नाही. दारेखिडक्या लावून, माठ जवळ घेऊन आम्ही मामाभाचे पटावर बसलो होतो. पांढरी मोहरी त्याच्याकडे होती. त्याने राजापुढचे प्यादे दोन घरे सरकविले. मीही तेच उत्तर दिले. आता घोडा बाहेर पडणार, अशी माझी अपेक्षा. पण त्याने राजाकडचा उंट उचलला आणि वजिराकडच्या घोड्याच्या पाचव्या घरात नेऊन बसविला.

मी म्हणालो, "अरे, आधी घोडा, मग उंट! ही खेळी चूक आहे."

"चूक असेल तर तिची शिक्षा दाखवा ना, मामा," तो शांतपणे म्हणाला.

मी दाखवावयास गेलो, आणि तासाभराने डाव हरलो. उतावीळपणे त्या उंटाच्या पाठीस लागण्यात माझीच मोहरी विखुरली होती.

रात्री मी एकटाच पट मांडून बसलो आणि स्वतःस तीन प्रश्न विचारले. तो उंट तेथे जाऊन काय साधतो? त्यास उत्तम उत्तर कोणते? आणि त्या उत्तरानंतर कोणी काय गमाविले?

पहिल्या प्रश्नाचेच उत्तर मला चकित करणारे होते. उंटाची नजर तिरकी थेट काळ्या राजावर असते. आड असते ते केवळ वजिरापुढचे प्यादे. ते हलले की राजाला शह बसतो, म्हणून ते हलविताच येत नाही. म्हणजे खेळी निरर्थक नव्हती.

आता उत्तर पाहू. काळ्याने वजिराकडचा घोडा उंटाच्या तिसऱ्या घरात आणला, तर पांढरा राजाकडचा घोडा काढतो, आणि पटावर उभी राहते ती सुप्रसिद्ध स्पॅनिश सुरुवात. रुय लोपेझ या स्पॅनिश धर्मोपदेशकाने १५६१ साली आपल्या ग्रंथात जिची चर्चा केली, तीच ही मांडणी. केवळ घोड्याउंटाचा क्रम उलटा. परंतु काळ्याजवळ दुसरे, अधिक चोख उत्तर आहे. त्याने वजिराकडच्या उंटापुढचे प्यादे एक घर सरकवावे. उंटावर मारा येतो व त्याला उठावे लागते. राजाकडची तिरकी वाट बंद होते. अडकलेले प्यादे सुटून त्यास मध्यभागी येण्यास आधारही मिळतो.

राहिला हिशेब. पांढऱ्याने एक खेळी उंट हलविण्यात पुन्हा खर्चिली. काळ्याने आपल्या घोड्याचे आवडते घर प्याद्यास दिले. मोहरा कोणाचाच गेला नाही. पहिल्या खेळीचा मान पांढऱ्याकडे असतो, तो मात्र बहुतेक संपला. तेव्हा माझा निवाडा असा: खेळी चूक नव्हे, पण लाभाचीही नव्हे.

नियम पुढे करून खेळी निकालात काढण्याचा मोह जुना आहे. आपल्या देशी पद्धतीत प्यादे आरंभीही एकच घर चालते, त्यामुळे डाव सावकाश उलगडतो. त्या पद्धतीत मुरलेले महेशचंद्र बॅनर्जी कलकत्त्यास जॉन कॉक्रेन या बॅरिस्टरशी युरोपीय नियमांनी खेळत. १८५५ सालच्या एका डावात, काळ्या मोहऱ्यांनी खेळताना, त्यांनी राजाकडच्या घोड्यापुढचे प्यादे एकच घर सरकविले आणि मागे मोकळ्या झालेल्या घरात उंट बसविला. मध्यभागी प्यादी रोवावी, असा त्या काळी युरोपात शिरस्ता होता. त्या दृष्टीने हा उंट कोपऱ्यात दडलेला दिसावा. पण तेथून तो साऱ्या पटावर तिरकी नजर ठेवून होता, जरी तो डाव शेवटी कॉक्रेनने जिंकला. पुढे १९२२ साली अर्न्स्ट ग्रुनफेल्ड याने ही मांडणी नामांकित स्पर्धांतून खेळली, आणि आज ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. या धर्तीच्या बचावांच्या एका मोठ्या कुळाला 'भारतीय' हे नाव मात्र जगभर मिळाले आहे.

दोन्ही उंट प्रथमदर्शनी विचित्रच. एक कसोटीस पुरेपूर उतरला, दुसरा जेमतेम. पण कसोटी लावल्यावाचून हा फरक मला कळला नसता.

सकाळी मी भाच्यास सारे मांडून दाखविले, आणि आदल्या दिवशी कारण न देता 'चूक' म्हटले ही माझीच चूक होती, हेही सांगितले. त्याने पटाकडे बराच वेळ पाहिले.

"मग आज मी घोडाच आधी काढतो, मामा," तो म्हणाला. "पण तुम्ही म्हणालात म्हणून नव्हे हं!"

श्रोतेहो, त्याचे हे उत्तर मला जिंकलेल्या डावाहून अधिक आवडले.