शिंपल्यांच्या वलयांतील सागरी हवामान

समुद्राच्या तापमानाच्या पद्धतशीर नोंदी जेमतेम दीड-दोन शतकांच्या असल्याने त्याआधीच्या सागरी हवामानाचा शोध निसर्गाच्या दप्तरातच घ्यावा लागतो, आणि उत्तर अटलांटिकच्या तळाशी राहणाऱ्या ‘आर्क्टिका आयलँडिका’ या शिंपल्यात असे दप्तर वर्षागणिक भरत जाते. कवचाची वाढ वर्षातून एकदा मंदावते, तेव्हा त्यात बारीक रेषा उमटते. अशा दोन रेषांमधील पट्टा म्हणजे एका वर्षाचे वलय होय. कवच कापून, घासून गुळगुळीत केल्यावर ही वलये सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. आइसलँडच्या उत्तरेस २००६ मध्ये मिळालेल्या एका शिंपल्याचे वय अशा मोजणीतून ५०७ वर्षे ठरले.

एकाच परिसरातील शिंपल्यांत रुंद-अरुंद वलयांचा क्रम सारखा असल्याने जिवंत शिंपल्यांची वलये जुन्या, मृत शिंपल्यांशी जुळवून कालक्रम हजार वर्षांहून मागे नेता येतो. त्यानंतर वलयांतील ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या निरनिराळ्या वस्तुमानाच्या अणूंचे, प्रमाण तपासले जाते. पाणी थंड असताना जड ऑक्सिजन-१८ कवचात अधिक सामावतो, मात्र पाण्याच्या क्षारतेचाही त्यावर परिणाम होत असल्याने दोन्हींचा विचार करावा लागतो.

आइसलँडजवळील शिंपल्यांच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की औद्योगिक काळापूर्वी सागरातील बदल वातावरणातील बदलांच्या आधी घडत, तर औद्योगिक काळात वातावरण पुढे आणि सागर त्याच्या मागे, असा क्रम उलटला. मानवी हस्तक्षेपाचे माप घेण्यासाठी त्यापूर्वीची ही नोंद अत्यावश्यक आहे.