हाक आली नाही म्हणून…



मी पेठ वडगावचा. संगणकाचे प्रोग्राम लिहिणे हा माझा व्यवसाय. आमच्या गावापासून वारणानगर जवळच. तिथे १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. परिसरातली ७० गावे संगणकाने जोडायची, शेतकऱ्याला उसाच्या वजनाची माहिती गावातच मिळावी, असा तो बेत होता. त्यातूनच मला या विद्येची गोडी लागली.

पुढे मी एका वजनकाट्यासाठी प्रोग्राम लिहिला. काट्यावरच्या संगणकात नोंद करायची आणि ती इंटरनेटवरून मुख्य कचेरीत धाडायची, एवढेच काम. त्यासाठी मायक्रोसॉफ्टची ‘एमएफसी’ ही क्लास लायब्ररी घेतली. क्लास लायब्ररी म्हणजे सुताराला तयार मिळणाऱ्या चौकटी. आपण फक्त घर बांधायचे. इंटरनेटशी बोलणारे तयार क्लासही तिच्यात आहेत. त्यामुळे चार ओळींत निरोप जातो. लाइन तुटली, तर लायब्ररी ‘एक्सेप्शन’ टाकते, म्हणजे हाक मारून सांगते. हाक आली नाही की माझा प्रोग्राम पडद्यावर लिहायचा, ‘नोंद पोहोचली’.

एका हंगामात एक वयस्क शेतकरी पावत्यांचा गठ्ठा घेऊन आले. म्हणाले, “बाळ, खेपा अकरा घातल्या. बिलात नऊच कशा?”

दोन खेपांचा ऊस म्हणजे घरातल्या पोराची वर्षाची फी! मी रात्रभर शोधत बसलो. दोन्ही वेळा कचेरीतल्या सर्व्हरने उत्तरात ५०० हा आकडा धाडला होता. त्याचा अर्थ, ‘माझ्याकडेच बिघाड झाला आहे.’ पण लायब्ररीच्या लेखी निरोप गेला होता, उत्तरही आले होते. मग ती हाक कशाला मारेल? तो आकडा वाचणे माझे काम होते. वाचण्याची सोयही लायब्ररीत होती. मी ती वापरलीच नव्हती.

कागदी पावत्या होत्या म्हणून त्यांचे पैसे मिळाले. त्यानंतर मी रीत बदलली. नोंद आधी काट्यावरच्या संगणकात जपायची. कचेरीकडून पावतीचा क्रमांक परत आला, तरच ‘पोहोचली’ म्हणायचे. नाहीतर त्याच क्रमांकाने पुन्हा धाडायची, म्हणजे एक खेप दोनदा लागत नाही.

साधने बदलत जातात. वारणेतच २००६-०७ मध्ये ७ गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या एसएमएसचा प्रयोग झाला. आज तर सारे हातातल्या फोनवर आले आहे. पण नव्या मुलांना मी एकच सांगतो : तयार चौकट खुशाल वापरा, घराची जबाबदारी मात्र तुमचीच.