सांगण्यास लाजू नका
(मंडळाच्या मासिक बैठकीत केलेले भाषण)



आपल्या मंडळात पाककृती, भरतकाम, बचत, हळदीकुंकू यांविषयी पुष्कळ बोलणे होते. आजचा माझा विषय ऐकून मात्र काहीजणी तोंडाला पदर लावतील. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "बायका ज्या गोष्टीने अडतात तेच बोला," म्हणून मी धीर केला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी काही डॉक्टर नव्हे. जे पाहिले व भोगले, आणि माझी भाची परिचारिका आहे तिच्याकडून व डॉक्टरांकडून जे समजून घेतले, तेवढेच सांगणार आहे. विषय असा की, ऑपरेशननंतर दुखणे थांबविण्यासाठी जी औषधे देतात, त्यांनी होणारा मलावरोध.

दोन वर्षांपूर्वी माझी गर्भपिशवी काढली. बायकांच्या खोलीत आम्ही आठजणी होतो. रोज सकाळी डॉक्टर फेरीला येत, बरोबर शिकाऊ तरुण मुले असत. "पोट साफ झाले का?" असे ते उभ्याउभ्याच विचारीत, आणि प्रत्येक बाई मान हलवून "हो" म्हणे. परक्या पुरुषांच्या देखत "नाही" कोण म्हणणार! शौचकूप खोलीपासून लांब, त्याला कडीही धड नव्हती. तिकडे जावे लागू नये म्हणून काहीजणी पाणीच पीत नसत.

माझ्या शेजारच्या खाटेवर धडगावकडची एक बाई होती. तिची बोली पावरी, मराठी तिला बेताचेच येई. तीही रोज मान हलवी. चौथ्या दिवशी तिचे पोट फुगून नगाऱ्यासारखे झाले आणि तिने अन्न टाकले. तिच्या सासूने परिचारिकेचा हात धरून तिला खाटेपाशी आणले, तेव्हा कुठे खरे कारण कळले. मग उपाय झाले व तिला आराम पडला. पण तोवर चार दिवस त्या बाईने जे सोसले ते सोसण्याचे काही कारण नव्हते. मी तिसऱ्या दिवशीच सिस्टरना स्पष्ट सांगितले होते, म्हणून मला औषध मिळाले व दुसऱ्या दिवशी मोकळे वाटले. परंतु दुखण्याच्या औषधाने असे होते, हे आम्हा आठजणींपैकी कोणालाही आधी कोणी सांगितले नव्हते.

आता हे होते कसे, ते पाहू. सगळ्याच गोळ्यांनी असे होत नाही. साधी पॅरासिटामॉलची गोळी सहसा पोट धरीत नाही. पण मोठ्या दुखण्यावर मॉर्फीन, कोडीन, ट्रामाडॉल अशी जोरदार औषधे देतात. मॉर्फीन अफूपासूनच काढतात, आणि ट्रामाडॉल कारखान्यात बनत असले तरी त्याचा काही गुण त्याच जातीचा आहे. अफूने पोट बांधले जाते हे आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होते. जुलाब थांबविण्यास ती पूर्वी देत असत. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बायका विसाव्या शतकाच्या आरंभी तान्ह्या मुलांना निजविण्यासाठी अफूची बाळागोळी देत. हल्ली जुलाबावर लोपेरामाईडची गोळी देतात, तीही याच कुळातली.

ही औषधे मेंदूपाशी वेदना अडवितात, तशीच आतड्यांवरही काम करतात. आतड्यांची पुढे ढकलण्याची चाल मंदावते. मळ आत रेंगाळतो, त्यातील पाणी शोषले जाते, आणि त्याचा खडा होतो. त्यातच ऑपरेशनची भूल, पडून राहणे, थोडेसे खाणे, रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या आणि उलटी थांबविण्याचे ऑनडॅनसेट्रॉन यांची भर पडते. म्हणजे दोष बाईचा नाही, तिच्या खाण्यापिण्याचाही नाही. आणखी एक गोष्ट भाचीने सांगितली ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे. या औषधांनी येणारी गुंगी व मळमळ दिवसांनी कमी होते, पण मलावरोध सहसा कमी होत नाही. म्हणून दुखण्याचे औषध चालू असेतोवर पोटाचे औषधही चालू ठेवावे लागते.

तेव्हा पहिली गोष्ट ही की, दुखण्याचे औषध लिहून देताना त्याच दिवशी विचारावे, "डॉक्टर, याने पोट धरेल का? धरणार असेल तर त्याचेही औषध द्या." खडा होण्याची वाट पाहू नये. पोटाची औषधे मुख्यतः दोन तऱ्हेची असतात. एक तऱ्हा मळात पाणी ओढून तो मऊ करणारी. लॅक्टुलोजचे पातळ औषध त्यातलेच, त्याचा गुण यायला एकदोन दिवस लागतात. दुसरी आतड्यांना चालना देणारी. सोनामुखी आणि बिसाकोडिलची गोळी या तऱ्हेची. ती रात्री घेतली की बहुधा सकाळी गुण येतो. कोणते, किती व किती दिवस, हे डॉक्टरांनीच ठरवावे.

आता आपल्या घरगुती उपायांविषयी. इसबगोल एरवी गुणाचा आहे, पण या औषधांबरोबर तो विचारल्यावाचून घेऊ नये. आतडी मंद असताना, त्यातून पाणी कमी पडले, तर तो आतच फुगून अडथळा होण्याची भीती असते. एरंडेल आणि घरचा एनिमा यांना तर ऑपरेशननंतर हातही लावू नये, मग सासूबाई कितीही आग्रह करोत.

भेटीला येणाऱ्या बायका म्हणतात, "पाणी कमी दे, टाके पिकतील." पाण्याने टाके पिकत नाहीत. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार नसेल आणि डॉक्टरांची मनाई नसेल, तर दिवसाकाठी आठ-दहा पेले पाणी पोटात जावे. आठ-आठ दिवस चहा-बिस्किटे व साबुदाण्याच्या खिरीवर ठेवण्यापेक्षा, डॉक्टरांनी परवानगी देताच पातळ वरण, शिजवलेली पालेभाजी आणि भाकरी सुरू करावी. आपल्या शहाद्याकडची पपई तर दारावर येते. ठेचा मात्र काही दिवस दूर ठेवावा. परंतु नुसत्या पपईने भागेल असे समजू नका. आतड्यांची चाल औषधाने मंदावली आहे, तिला औषधाचाच हात लागतो.

डॉक्टरांनी उठविले की उठावे आणि खोलीतल्या खोलीत दिवसातून चार-पाच वेळा फिरावे. सकाळी काही खाल्ल्यावर आतड्यांना आपोआप चालना मिळते, तेव्हाच जाऊन बसावे. खुर्चीसारख्या शौचकूपावर पायांखाली पाट ठेवला म्हणजे सोपे जाते. गुडघ्याचे किंवा खुब्याचे ऑपरेशन झालेल्यांनी मात्र आधी विचारावे. कुंथू नये. कुंथल्याने पोटातला दाब वाढून टाक्यांवर ताण पडतो. आणि पोट धरते म्हणून दुखण्याचे औषध आपल्या मनाने बंद करू नये. दुखते म्हणून बाई हलत नाही, आणि हलत नाही म्हणून पोट आणखी धरते. डॉक्टरांना सांगितले तर ते मात्रा कमी करतात किंवा औषध बदलून देतात. उरलेल्या गोळ्या शेजारणीलाही देऊ नयेत. ट्रामाडॉल तर 2018 पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले आहे.

पोट फुगून कडक झाले, उलट्या होऊ लागल्या, वारासुद्धा सरेना, ताप आला, असह्य कळा येऊ लागल्या किंवा रक्त पडले, तर मात्र घरी बसू नये. तेव्हा जुलाबाचे औषधही न घेता ताबडतोब दवाखाना गाठावा. आतड्यांत अडथळा असू शकतो.

भगिनींनो, आजाऱ्याच्या भेटीस जाताना आपण नारळ नेतो, फळे नेतो. यापुढे एक प्रश्नही न्यावा. घरच्या पुरुषांना जरा बाहेर बसवून हळूच विचारावे, "बाई, पोट साफ होते ना?" ती अडली असेल तर तिच्या वतीने सिस्टरना आपण सांगावे. तिला हात देऊन शौचकूपापर्यंत न्यावे आणि कडी नसेल तर दाराशी उभे राहावे. अक्राणी-अक्कलकुव्याकडची बाई शेजारच्या खाटेवर असेल आणि आपल्यापैकी कोणाला तिची बोली येत असेल, तर तिलाही विचारावे. याला पैसा लागत नाही, शिक्षणही लागत नाही.