लोहमार्ग आणि बदलते ऋतुमान



वैशाखातल्या उकाड्यात आपल्याला रेल्वेविषयी ऐकायला बसवायचे, हे तसे धाडसच आहे. त्यापेक्षा काही गारव्याचे बोला, असे आपल्या मनात येत असेल. म्हणून आम्ही पाण्यापासूनच सुरुवात करतो.

१२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे लातूरच्या स्थानकात एक गाडी येऊन उभी राहिली. तिला टाकीच्या १० वाघिणी होत्या व प्रत्येकीत सुमारे ५०,००० लिटर पाणी होते. मांजरा धरण आटले होते आणि काही लाख वस्तीच्या शहराचे नळ कोरडे पडले होते. हे पाणी कृष्णाकाठच्या मिरजेहून ३४२ किलोमीटरचा प्रवास करून आले. पुढे वाघिणी ५० झाल्या आणि एकेक गाडी २५ लाख लिटर पाणी घेऊन येऊ लागली. दहा हजार लिटरचा टँकर धरला, तर अशा एका गाडीच्या जागी अडीचशे टँकर मिरजेहून लातूरपर्यंत धाडावे लागले असते. त्यांना लागणारे डिझेल, चालक आणि रस्त्यांची होणारी दशा यांचा हिशोब श्रोत्यांनी मनातल्या मनात करावा.

आता हा मार्ग कोणता, ते पाहा. हा मूळचा बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी मार्ग. आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी या छोट्या गाडीतून पंढरपूर गाठले आहे. चालत्या गाडीतून उतरावे, पाय मोकळे करावेत आणि पुन्हा चढावे, असा तिचा लौकिक होता! या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत तिचे रूळ टप्प्याटप्प्याने रुंद झाले. तेव्हा मागणी होती ती थेट गाड्यांची, व्यापाराची आणि वारकऱ्यांच्या सोयीची. पाण्याची गाडी कोणाच्या अर्जात असेल असे आम्हाला वाटत नाही. पण रुंदीकरण रखडले असते, तर मिरजेच्या फलाटावर भरलेले पाणी मिरजेतच राहिले असते. पुढे २८ डिसेंबर २०२० रोजी याच मार्गावरच्या सांगोल्याहून शंभरावी किसान रेल्वे भाजीपाला व फळे घेऊन बंगालमधील शालिमारकडे निघाली. रूळ एका कामासाठी टाकावेत आणि त्यांनी दहा कामे करावीत, असे हे आहे. मात्र ते संकटाच्या आधी टाकलेले असावे लागतात. तहान लागल्यावर विहीर खणण्याची म्हण आपल्याकडे आहेच.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो जुना आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला तो १८७५ साली. पुढच्याच वर्षी दख्खनचा दुष्काळ पडला. त्या दुष्काळात आगगाडीने धान्य आणले हे खरे, पण तिनेच बाजारभावाच्या ओढीने धान्य बाहेरही नेले. लोहमार्गावर अतोनात पैसा जातो आणि पाटबंधारे व शिक्षण उपाशी राहतात, अशी तक्रार आपल्या थोर अर्थज्ञांनी केली. ती योग्यच होती, कारण कंपन्यांना नफ्याची हमी होती व रयतेला कसलीच नव्हती. लातूरच्या गाडीकडेही याच दृष्टीने पाहिले पाहिजे. मांजरेच्या खोऱ्यात ऊस किती लावावा, या प्रश्नाचे उत्तर रेल्वे देत नाही. ती गाडी येणे ही अभिमानाइतकीच शरमेचीही गोष्ट होती.

तरीही लोहमार्ग वाढले पाहिजेत असे आम्ही म्हणतो, ते का? पोलादी चाक पोलादी रुळावर जवळजवळ चेपत नाही. रबरी टायर मात्र डांबरावर चेपतो, तापतो आणि त्यात शक्ती वाया घालवतो. म्हणून तेवढाच माल तेवढ्याच अंतरावर न्यायला रेल्वेला ट्रकच्या मानाने फार कमी इंधन पुरते. १९२५ साली मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी धावली, आणि त्यानंतर शंभर वर्षांनी, २०२५ साली, देशातले बहुतेक सर्व रुंद मार्ग विजेखाली आले होते. ती वीज अजून बहुतांशी कोळशाचीच आहे, आणि रेल्वे जो माल वाहते त्यात निम्म्याच्या आसपास कोळसाच असतो, हा विनोदही लपवण्यात अर्थ नाही. पण वीज उद्या सूर्यापासून घेता येईल. डिझेलच्या लाखो ट्रकांचे तसे एका झटक्यात काही होणार नाही.

आणि आपण चाललो आहोत उलट दिशेने! १९५१ च्या सुमारास देशातील मालवाहतुकीपैकी ८५ टक्क्यांच्या वर वाटा रेल्वेचा होता. तो घसरत तिशीच्या खाली आला. २०३० पर्यंत तो ४५ टक्क्यांवर न्यायचा, असे राष्ट्रीय रेल्वे योजनेने म्हटले आहे. काचेच्या चकचकीत गाड्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रात रोज येतात. या आकड्याचे छायाचित्र निघत नाही, म्हणून त्याकडे कोणाचे लक्ष नसते. हवेत जाणारा कर्बवायू मात्र त्या आकड्याने ठरतो.

जाता जाता बीडकडे वळतो. नगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला आणि बीड शहरात पहिली गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. तीस वर्षे! ज्या जिल्ह्यातून दरसाल ऊसतोडीसाठी बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे ट्रक व ट्रॅक्टरमध्ये बसून परमुलखाला जातात, त्या जिल्ह्याच्या गावाला एवढी वाट पाहावी लागली. गाडी आली म्हणून कोयता सुटणार नाही. पण पुण्याच्या इस्पितळाकडे निघालेली म्हातारी आणि परीक्षेला निघालेला मुलगा यांना साध्या डब्यात बसायला जागा आणि परवडणारे तिकीट मिळाले, तरी ते थोडे नव्हे. ज्यांनी तरुणपणी या मार्गासाठी अर्ज केले, मोर्चे काढले, त्यांतले कित्येक गाडी पाहायला आले ते पांढऱ्या केसांनी. काहींना तर ती दिसलीच नाही. आणि बीडपासून परळीपर्यंतचा तुकडा त्या दिवशीही पुरा व्हायचा होता.